कुणाचं बघून लिहिलंस?

जयंतीच्या वर्गणीची बैठक होती. विहाराच्या ओट्यावर. हिशेब वाचून झाला आणि मी म्हणालो, डीजेचे पैसे थोडे कमी करा, त्यातून एक मोठा फळा घेऊ, रात्री पोरांना भूमिती-बीजगणित शिकवू. तर आपल्यातलाच एक कार्यकर्ता, चांगला वाचणारा, मोर्च्यात लाठी खाल्लेला, मला म्हणतो, "कवी, तू कविता लिही. गणित ही बामणांची विद्या. पोरांना इतिहास शिकव. प्रमेय पाठ करून कुणाची मुक्ती झालीय?"

सगळे हसले. मीपण हसलो. रात्रपाळी होती म्हणून उठून गेलो. पण मागावर उभा राहिलो आणि डोकं फिरलं. एकीकडं आठ माग खडखडत होते आणि एकीकडं ते वाक्य. धोटा इकडून तिकडं जातो तसं ते वाक्य डोक्यात जात होतं, येत होतं. पहाटे सुटी झाल्यावर चहाच्या गाड्यावर पाकिटामागं चार ओळी लिहिल्या. कविता नव्हती ती. उत्तर होतं. तेच आता इथं लांबण लावून लिहितो. मित्राचा राग नाही. पण तो बोलला ते आपण सगळेच मनात बोलतो, म्हणून त्याच्याशी भांडायचं म्हणजे सगळ्यांशीच भांडायचं.

पहिल्यांदा एक गोष्ट. तुम्हाला पाठ असलेली. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात ती आहे. बाबासाहेब मुंबईत हायस्कुलात शिकत होते. मास्तरांनी एक उदाहरण सोडवायला त्यांना फळ्याजवळ बोलावलं. फळ्याच्या मागं सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे. भीमा फळ्याजवळ जाणार म्हटल्यावर वर्गात गलका झाला, पोरं धावली, डबे भराभर बाजूला फेकले, आणि मग भीमाला फळ्याजवळ जाता आलं.

ही गोष्ट आपण दर १४ एप्रिलला सांगतो. मी स्वतः माइकवर सांगितलीय. डब्यांपाशी आलो की आवाज चढवायचा, बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात, टाळ्या पडतात, वक्ता खाली उतरतो. पण मित्रांनो, पोरगा तिथं कशाला चालला होता? उदाहरण सोडवायला. खडू हातात घ्यायला. डब्यांची गोष्ट आपण पाठ केली आणि उदाहरण फळ्यावर तसंच सोडून आलो. ज्यांनी डबे उचलले त्यांची नातवंडं-पतवंडं ते उदाहरण सोडवून पुढं गेली. आपण अजून डबेच मोजतोय.

बाबासाहेबांनी डबे मोजले नाहीत. शाळेत संस्कृत नाकारलं तर फारसी घेतली. पुढं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तो उघडून बघा एकदा. कोष्टकंच कोष्टकं आहेत त्यात. चांदीचा भाव, सोन्याचा भाव, हुंडणावळ. आपल्यातल्या किती जणांनी ते कोष्टक बोटानं ओळ धरून वाचलंय? मी वाचायला बसलो, तिसऱ्या पानावर घाम फुटला. म्हणून तर हे सगळं लिहितोय.

आता गिरणीतलं सांगतो. माझा आजा मुंबईला गिरणीत होता, १९८२ च्या संपात गावाकडं आला तो परत गेला नाही. तो त्रासन खात्यात होता. त्याचा बापपण त्रासन खात्यात. साचेखात्यात का नाही? साचेखात्यात पगार जास्त. पण तिथं धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. म्हाराच्या तोंडाची थुंकी लागलेला धोटा सवर्ण साचेवाला तोंडाला कसा लावणार? म्हणून आपल्याला ते खातंच बंद. लाल बावटा खांद्यावर घेतलेल्यांनीसुद्धा ते चालवून घेतलं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला, की कामगार सगळे एक, तर मग विणकामाचं दार आमच्या माणसाला बंद का?

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेतलं गणित हे साचेखातं आहे. पगार तिथं जास्त, पुढच्या वाटा तिथून निघतात, आणि तिथं जाताना आपल्या पोराला दारातच सांगितलं जातं, तुझं हे काम नव्हे. फरक एवढाच, आता थुंकीचं नाव काढत नाहीत. 'झेपणार नाही' म्हणतात.

मी शाळेत होतो तेव्हा दहावीला 'सामान्य गणित' नावाचा एक पर्याय असायचा. आता तो राहिला नाही. बीजगणित-भूमिती जड जातं त्यांच्यासाठी सोपं गणित, अशी त्यामागची भाषा. आमच्या वर्गात ते कुणाला घ्यायला लावलं? यादी काढा. वाड्याकडची पोरं बीजगणितात, आमच्या वस्तीतली पोरं सामान्यात. कुणी बळजबरी केली नाही बरं का. प्रेमानं सांगितलं. "अरे, पास तरी होशील." आणि आमचे बाप खूश झाले, की सर पोराची काळजी करतात. पुढं सायन्सला जायचं म्हटलं की कळायचं, हे गणित तिथं चालत नाही. त्रासन खातं ते त्रासन खातंच.

मी तेवढ्याही पुढं गेलो नाही. नववीतच सुटलो. का सुटलो ते सांगतो.

सरांनी फळ्यावर गणित घातलं. एका संख्येची तिप्पट अधिक सात बरोबर बावीस, तर ती संख्या कोणती. मी हात वर केला. कधी करत नव्हतो, त्या दिवशी केला. उत्तर डोक्यात आलं होतं. किराणा दुकानात उधारीचा हिशेब मीच करायचो, तसंच होतं ते. फळ्याजवळ गेलो आणि लिहिलं, पाच. सर म्हणाले, "कुणाचं बघून लिहिलंस?"

मी म्हणालो, "कुणाचं नाही सर. आलं."

"आलं? कुठनं आलं?"

वर्ग हसला. माझ्या तोंडून शब्द फुटंना. कारण उत्तर कुठनं आलं ते मला सांगता येत नव्हतं. मला पायऱ्या माहीत नव्हत्या. त्याच तासाला वाड्यावरच्या एका पोरानं पुढचं गणित असंच तोंडी सांगितलं, नुसतं उत्तर. सर म्हणाले, "हुशार आहे. मधल्या पायऱ्या मनातच करतो."

मित्रांनो, याला काय म्हणायचं? दोघांनी पायऱ्या गाळल्या. त्याच्या गाळलेल्या पायरीला बुद्धी म्हणायचं आणि माझ्या गाळलेल्या पायरीला चोरी. पुढं दोन महिन्यांत मी शाळा सोडली आणि मागावर लागलो. सगळा दोष त्या सरांवर टाकत नाही, घरात पैसाही नव्हता. पण ते वाक्य घेऊन बाहेर पडलो. आणि आठ वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलो ते त्याच वाक्याचं उत्तर द्यायला.

उत्तर असं आहे. वहीत लिहून घ्या.

समजा ती संख्या क्ष.
दिलेल्या माहितीवरून, ३क्ष + ७ = २२
दोन्ही बाजूंतून ७ वजा करू. ३क्ष + ७ − ७ = २२ − ७
म्हणून ३क्ष = १५
दोन्ही बाजूंना ३ ने भागू. क्ष = ५
ताळा : ३ × ५ + ७ = १५ + ७ = २२. बरोबर.

आता विचारा कुणाचं बघून लिहिलं. प्रत्येक ओळ खालच्या ओळीला धरून उभी आहे. कुठल्याही ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, का? उत्तर मिळतं. कुठलीही ओळ 'मी सांगतो म्हणून' आलेली नाही. बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा पायरीला मार्क असतात, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मिळतात. ज्याच्यावर जग विश्वास ठेवतं त्यानं पायऱ्या गाळल्या तर चालतात. आपल्याला गाळून चालत नाही. आपल्या पोरानं नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तर ती कॉपी ठरते, नाहीतर 'सवलत'. पायरी लिहिली की समोरच्याला तोंड उघडायला जागा राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, आपणच का एवढं सिद्ध करायचं? रास्त प्रश्न आहे. माझंही रक्त उसळतं. पण मी हे त्यांच्यासाठी सांगत नाही. पायरी लिहायला लागलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की माझ्या डोक्यात उत्तर कुठनं येतं. ते कळल्यावर जे वाटलं ते एकाही कवितेच्या टाळीनं वाटलेलं नाही.

आणि शाळेत हे शिकवतात कसं? "सात पलीकडं नेला की चिन्ह बदलतं. प्लसचा मायनस होतो." का होतो? कुणी सांगत नाही. बरोबरचं चिन्ह म्हणजे काय वेस आहे, की ओलांडली आणि माणूस बदलला? हे मंत्र पाठ करणं झालं. सात पलीकडं जात नाही, कुठंच जात नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखं वजन काढलं, काटा मध्येच राहिला, एवढीच गोष्ट. किराणा दुकानातल्या पोराला ती मिनिटात कळते. पण ती सांगितली तर मास्तरचं मास्तरपण कमी होतं. मंत्राचं कारण सांगितलं की भटजीची दक्षिणा गेली, तसंच.

दुसरं बघा. अ अधिक ब, कंसाचा वर्ग. आमच्या रात्रीच्या पोरांतली निम्मी अजून लिहितात, अ वर्ग अधिक ब वर्ग. पाठ करून करून विसरतात. मी त्यांना विहारातल्या फरशीवर खडूनं चौकोन काढायला लावतो. बाजूची लांबी अ अधिक ब. आत रेघा मारा. एका कोपऱ्यात अ चा चौरस, समोरच्या कोपऱ्यात ब चा चौरस. आणि उरलेले? दोन लांबट आयत. प्रत्येकाची लांबी अ, रुंदी ब. म्हणून अ² + २अब + ब². दोन चौरस तेवढे हिशेबात घ्यायचे आणि दोन आयत गावकुसाबाहेर ठेवायचे, असं लिहिलं की बेरीज चुकते. पाच आणि तीन घ्या. आठचा वर्ग ६४. पाचाचा २५, तिनाचा ९, मिळून ३४. उरलेले ३० कुठं गेले? दोन आयतांत, पंधरा-पंधरा. आमच्यातला एक बारका पोरगा हे ऐकून म्हणाला, "दादा, म्हंजे अर्धी वस्तीच मोजली नाय की." ज्याला हे एकदा दिसलं तो पुन्हा विसरत नाही.

आता त्या मित्राच्या वाक्याकडं येतो. 'बामणांची विद्या'.

कुणाची विद्या? बीजगणिताला इंग्रजीत जे नाव आहे ते अरबी शब्दावरून आलं. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिज्मी होता, त्याच्या ग्रंथाच्या नावातला 'अल-जब्र' हा शब्द. भूमितीची पद्धतशीर मांडणी युक्लिडची, अलेक्झांड्रियातली, सव्वीदोन हजार वर्षांपूर्वीच्याही आधीची. आणि इथल्या शुल्बसूत्रांचं म्हणाल तर शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाची वेदी बांधायला दोरी आणि खुंटीनं आकृत्या आखायच्या, त्याचं ते शास्त्र. सूत्रं कुणी लिहिली ते सगळे सांगतात. वेदीच्या विटा कुणी थापल्या? भट्टी कुणी लावली? चाळीसगावजवळ पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून मठाला देणगी दिली, असा त्यात मजकूर. त्या मठाच्या दारात आपला पूर्वज गेला असता तर काय झालं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे विद्या त्यांची नव्हती. कुलूप त्यांचं होतं. आणि माझा शहाणा मित्र कुलूप बघून म्हणतो, घर त्यांचंच असणार, चला परत.

हा तर त्यांच्याच मनासारखा विद्रोह झाला. आपण होऊन दूर राहायचं आणि वर त्याला क्रांती म्हणायचं.

दुसऱ्या टोकाचेही आहेत आपल्यात. ते म्हणतात, श्रमिकाला सगळं ज्ञान असतंच, शाळेची गरजच काय. माझा चुलता गवंड्याच्या हाताखाली बिगारी होता. पायाची आखणी करताना काटकोन बघायचा तर दोरीनं एका बाजूवर तीन फूट, दुसऱ्या बाजूवर चार फूट खूण करायची, आणि खुणांमधलं अंतर बरोबर पाच भरलं की कोपरा गुण्यात. लई वेळा डोळ्यांनी बघितलंय. चुलत्याचा कोपरा कधी चुकला नाही. पण मी त्याला विचारलं, आप्पा, पाचच का? तो म्हणाला, "तसंच असतंय बाबा." पाच, बारा आणि तेरा घेतले तरी काटकोन होतो हे त्याला माहीत नव्हतं. २५ अधिक १४४ म्हणजे १६९, हे ज्याला माहीत होतं तो पंख्याखाली बसून नकाशावर सही करत होता. आप्पा उन्हात पाटी उचलत होता. चुलत्याच्या हाताचं कौतुक मला शिकवू नका, मी त्याच्या खांद्यावर वाढलोय. पण 'तसंच असतंय' हे वाक्य ज्याच्या तोंडी येतं त्याच्या नशिबी पाटी येते.

आता पैशाचं सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी हवेत बोलतोय.

आमच्याकडं पगार आठवड्याला, मीटरवर. मी ज्या गिरणीत आधी होतो तिथं दिवाणजी हातात पाकीट द्यायचा, वर फक्त मीटर आणि रक्कम. दर काय? "क्वालिटीप्रमाणं बदलतो." कपात किती? "डॅमेजप्रमाणं बदलते." दोन्ही बदलतं, म्हणजे विचारायची सोयच नाही. तेव्हा मी दहावीच्या तयारीला लागलो होतो, दोन चलांतली समीकरणं चालली होती. म्हटलं बघू. माल तीन आठवडे एकाच क्वालिटीचा होता. पाकिटं जपून ठेवली होती, पाठीमागं कविता लिहायला.

समजा दर मीटरला क्ष रुपये आणि कपात य रुपये.
पहिला आठवडा, २००० मीटर, २२९० रुपये. म्हणून २०००क्ष − य = २२९०
दुसरा आठवडा, २५०० मीटर, २८९० रुपये. म्हणून २५००क्ष − य = २८९०
दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की य उडतो. ५००क्ष = ६००
म्हणून क्ष = १.२०
पहिल्यात घालू. २४०० − य = २२९०, म्हणून य = ११०

इथं थांबलो असतो तर फसलो असतो. दोन समीकरणांतून काहीतरी उत्तर निघणारच. दर आणि कपात दोन्ही खरंच बदलत असतील तर हे १.२० आणि ११० म्हणजे नुसता योगायोग. म्हणून तिसरा आठवडा साक्षीला बोलावला. २२५० मीटर. २२५० गुणिले १.२० म्हणजे २७००. त्यातून ११० गेले, २५९०. पाकिटावर काय? २५९०. चौथ्या आठवड्यालाही तेच जमलं. दर बदलत नव्हता. कपातही बदलत नव्हती. डॅमेज निघो न निघो, दर आठवड्याला ११० रुपये जातच होते.

शेजारच्या चौघांची पाकिटं मागितली. तेच ११०. सगळ्यांचे हात थरथरायला लागले, रागानं म्हणा की भीतीनं म्हणा. मी दिवाणजीकडं गेलो, वही घेऊन.

"दिवाणजी, एक विचारू का?"

"काय रं?"

"पाच जणांच्या मागावर दर आठवड्याला बरोब्बर सारखंच डॅमेज कसं काय निघतं?"

त्यानं वही बघितली. पान उलटलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "हे तुला कुणी लिहून दिलं?"

कुणाचं बघून लिहिलंस! तेच वाक्य, आठ वर्षांनी. पण या वेळी मी म्हणालो, बसा, ओळीओळीनं सांगतो. आणि सांगितलं. खात्यातली माणसं भोवती गोळा झाली होती. कांडीवाल्या बाया सुद्धा. मधली एकही ओळ त्याला खोडता आली नाही.

विजयाची गोष्ट सांगतोय असं समजू नका. पुढच्या आठवड्यापासून कपात बंद झाली नाही. कधी ९५, कधी १२५ यायला लागली. दिवाणजीलाही बीजगणित आलं. मग आम्ही डॅमेजचे तागे स्वतः डायरीत मांडायला लागलो, तारीख, माग, किती मीटर, कशानं. मागाचं उत्पादनही मांडायला लागलो. मिनिटाला १६० पिकं, बारा तास, त्यातला पाचवा हिस्सा माग बंद धरला तर ९२,१६० पिकं. कापड इंचाला ५२ पिकांचं, म्हणजे १,७७२ इंच, म्हणजे एका मागावर ४५ मीटर. याच्यापेक्षा फार कमी मीटर पाकिटावर आले की विचारायचं, माग किती वेळ बंद होता? सहा महिन्यांनी मला काढलं. आता दुसऱ्या गिरणीत आहे. डायरी मात्र त्या खात्यात अजून चालते, असं ऐकतो. बारा तासांच्या पाळीचं वेगळंच, त्याच्यावर निराळं लिहीन.

त्या पाच जणांत मी एकटाच आपल्या वस्तीतला. बाकीचे वेगवेगळ्या जातींचे. य उडाला तेव्हा सगळ्यांचाच उडाला.

कवी मित्र म्हणतात, गणितात रक्त नाही, घाम नाही. त्यांनी ती पाकिटं बघावीत.

आणखी एक राहिलं. आता पोरं मोबाइलवर गणिताचा फोटो काढतात, पायऱ्यांसकट उत्तर येतं. चांगलं आहे, क्लासची फी भरू न शकणाऱ्याला आधार आहे, मीपण वापरतो. पण आमची पोरं त्या पायऱ्या गाइडासारख्या उतरवून काढतात, तेव्हा मी मोबाइल खिशात ठेवायला लावतो आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारतो, ही का आली? गप्प. तर मग हे कुणाचं बघून लिहिलंस, असं म्हणायची पाळी माझ्यावरच येते. जीभ चावतो आणि गप्प बसतो.

शेवटी परवाचं सांगतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८०° असते, हे सिद्ध करत होतो. फळा नाही म्हणून भिंतीला काळा रंग दिलाय.

पक्ष : अबक हा त्रिकोण आहे.
साध्य : ∠अ + ∠ब + ∠क = १८०°
रचना : अ मधून बाजू बक ला समांतर रेषा काढली.

इथं पोरं नेहमी बिचकतात. आकृतीत नसलेली रेषा कशी काय काढायची? परवानगी कुणाची? मी म्हणतो, कुणाची नको. कारण सांगता आलं की काढायची. आता त्या रेषेजवळ अ पाशी तीन कोन झाले. डावीकडचा कोन ∠ब एवढा, व्युत्क्रम कोन म्हणून. उजवीकडचा ∠क एवढा, त्याच कारणानं. मधला ∠अ. तिन्ही मिळून सरळ रेषेवरचा कोन, म्हणजे १८०°. सिद्ध झालं.

सगळ्यांनी उतरवून घेतलं. एक पोरगी, आई कांड्या भरते तिची, नववीत आहे, ती लिहायची थांबली. म्हणाली, "दादा, रेषा समांतर असल्या की व्युत्क्रम कोन सारखे, हे कशावरून?" मी म्हणालो, संगत कोनांवरून. "ते कशावरून?" आम्ही पुस्तकाची पानं मागं मागं उलटत गेलो. शेवटी गाडी एका ओळीवर येऊन थांबली. ती ओळ सिद्ध केलेली नव्हती. गृहीत धरलेली होती. युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक.

पोरगी म्हणाली, "म्हंजे हेपण तसंच असतंय?"

मला आप्पा आठवला. पण नाही, तसं नाही. युक्लिडनं काय केलं? जे गृहीत धरलंय ते सुरुवातीलाच लिहून दिलं, की हे मी सिद्ध केलेलं नाही, हे मानून पुढं चाललोय. लपवलं नाही. ते देवाच्या मुखातून आलं असंही म्हणाला नाही. म्हणून तर दोन हजार वर्षं लोक त्याच्यावर बोट ठेवू शकले. कुणी ते सिद्ध करायला गेले, हरले. आणि एकोणिसाव्या शतकात रशियातला लोबाचेव्हस्की आणि हंगेरीतला बोल्याय, दोघांनी एकमेकांना न विचारता दाखवून दिलं, की ते गृहीतक न मानताही भूमिती उभी राहते, वेगळी, पण पक्की. कुणी त्यांच्या कानात शिसं ओतलं नाही. आपल्या देशात जी उतरंड रचली तिचं गृहीतक कुठल्या पानावर लिहिलं होतं, की 'हे आम्ही नुसतं मानलंय'? ते तर सत्य म्हणून लिहिलं. बाबासाहेबांनी त्याच्यावर बोट ठेवलं तर १९३६ साली लाहोरला ठरलेलं भाषणसुद्धा होऊ दिलं नाही.

पोरीला एवढं सगळं सांगितलं नाही. तिला म्हटलं, चेंडू घे. चेंडूवर वरच्या टोकापासून दोन रेघा खाली मध्यापर्यंत आण, दोघींमध्ये काटकोन ठेव, आणि मध्यावरून आडवी रेघ मारून जोड. त्रिकोण झाला. कोन मोज. वरचा ९०, खालचे दोन्ही ९०. बेरीज २७०. तिनं हवेतच बोटानं रेघा मारून बघितल्या, मग माझ्याकडं असं बघितलं की मी इतके दिवस तिला फसवत होतो.

सपाट कागद धरला तर १८०, हे आता तिच्या वहीत लिहिलेलं आहे. 'सपाट' हा शब्द तिनंच घातला, पुस्तकात त्या प्रमेयाच्या ओळीत तो नाही. चेंडूवर व्युत्क्रम कोनांचं नेमकं काय होतं, तिथं समांतर रेषा असतात की नाही, हे तिनं विचारलंय. मी अजून वाचतोय, रविवारपर्यंत वेळ मागून घेतलाय. ज्याच्याकडं जुना फुटबॉल असेल त्यानं विहारात आणून द्यावा. हवा नसली तरी चालंल. नको, हवा पाहिजे.